सेवा, सन्मान आणि ऋण: तरुण स्वयंसेवकांना पुरस्कार का द्यावा?



आजचा विषय वरवर पाहता साधा वाटेल. गावातली ग्रंथालयं, गणेशोत्सव मंडळं, नागरी संघ, महाविद्यालयांच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघटना तरुण स्वयंसेवकांना पुरस्कार देतात. कुणी ओढा साफ केला, कुणी गडावरच्या टाक्यातला गाळ काढला, कुणी नाटकाच्या चळवळीत पडद्यामागे वर्षानुवर्षं उभं राहिलं. अशा मुलामुलींना बोलवायचं, शाल-श्रीफळ आणि स्मृतिचिन्ह द्यायचं, कौतुकाचे चार शब्द बोलायचे. पर्यावरण, वारसा आणि कला ही तीन क्षेत्रं अशा पुरस्कारांत बहुधा एकत्र येतात. आता यात तत्त्वज्ञानाचा काय संबंध, असं कुणी विचारेल.

संबंध आहे, आणि तो दोन आक्षेपांमधून दिसतो. पहिला आक्षेप जुन्या पिढीचा: सेवा ही सेवाच असली पाहिजे, तिला पुरस्कार लावला की ती सेवा उरत नाही. दुसरा व्यवहारी माणसाचा: अहो, काहीतरी आमिष दाखवल्याशिवाय आजकालची मुलं येतात का? गंमत बघा, हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध बोलतात, पण दोघांच्याही मनात पुरस्कार म्हणजे कामाची किंमत असं एकच चित्र आहे. एकाला ती किंमत नको आहे आणि दुसऱ्याला ती द्यायची आहे, एवढाच फरक. आज आपल्याला हे चित्रच तपासायचं आहे. पुरस्कार ही किंमत नसेल तर तो आहे तरी काय? आणि हे नीट कळलं नाही तर चांगल्या मुलांचं आणि चांगल्या कामाचं नुकसान कसं होतं?

चार शब्द वेगळे करू

आधी शब्दांची थोडी साफसफाई करू. मोबदला, बक्षीस, प्रमाणपत्र आणि सन्मान हे चार शब्द आपण बोलताना एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांचं काम वेगवेगळं आहे.

मोबदला आधी ठरलेला असतो. अमुक काम, तमुक पैसे. देणंघेणं झालं की दोघे मोकळे, कुणी कुणाचं काही लागत नाही. बक्षीस स्पर्धेतून येतं. एकाला मिळतं आणि म्हणून दुसऱ्याला मिळत नाही. प्रमाणपत्रात स्पर्धा नसते, त्यात अट असते. अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला ते मिळतं. आणि सन्मान? तो समाजाने उच्चारलेला एक अभिप्राय असतो: 'तुम्ही केलेलं आम्ही पाहिलं, आणि ते आम्हाला मोलाचं वाटतं.'

उदाहरणं घेऊ. ब्रिटनमध्ये १९५६ साली 'ड्यूक ऑफ एडिंबरा पुरस्कार' सुरू झाला. त्यामागची कल्पना जर्मनीतून परागंदा झालेले शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांची. भारतातही ही योजना १९६२ पासून आहे. नावात पुरस्कार असला तरी तिच्यात स्पर्धा नाही. कांस्य, रौप्य आणि सुवर्ण अशा तीन पायऱ्या आहेत. सेवा, एखादं कौशल्य, शरीराचा व्यायाम आणि साहसी प्रवास या अंगांनी ठरावीक काळ काम करायचं. ते जो करेल त्याला पदक मिळणार. तुलना शेजाऱ्याशी नाही, कालच्या स्वतःशी. आपल्या वर्गीकरणात हे प्रमाणपत्र झालं.

आपल्याकडची राष्ट्रीय सेवा योजना घ्या. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांना घेऊन ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, ही अट. तीही मुळात प्रमाणपत्राचीच योजना. पुढे रौप्यमहोत्सवाच्या सुमारास, १९९३-९४ पासून, तिला राष्ट्रीय पुरस्कारांची जोड मिळाली, म्हणजे प्रमाणपत्रावर सन्मानाचा एक थर चढला.

कलेच्या क्षेत्रात पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेचा पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे. ही महाविद्यालयांची एकांकिका स्पर्धा, म्हणजे उघडउघड बक्षीस. पण त्या करंडकाचं वजन बक्षिसापेक्षा जास्त आहे. का, ते पुढे पाहू.

ही तीनच क्षेत्रं एकत्र का?

पर्यावरण, वारसा आणि कला. नदी, किल्ला आणि नाटक यांत साम्य काय? आम्हाला वाटतं, साम्य असं की या तिन्ही गोष्टी आपल्याला आयत्या मिळाल्या. सह्याद्री आपण घडवला नाही, बारव आपण बांधली नाही, कीर्तन, लावणी आणि संगीत नाटक आपण निर्माण केलं नाही. आणि या तिन्ही गोष्टी पुढच्या माणसांकडे पोचवायच्या असतात. मधल्या माणसांनी हात काढून घेतला तर साखळी तुटते.

आपल्या परंपरेत यासाठी एक नेमका शब्द आहे: ऋण. तैत्तिरीय संहितेत तीन ऋणं सांगितली आहेत: ऋषींचं, देवांचं आणि पितरांचं. तिथे ती ब्राह्मणापुरती सांगितली आहेत. शतपथ ब्राह्मणात मात्र हा विचार रुंद होतो. जो कोणी अस्तित्वात आहे तो ऋण घेऊनच जन्मतो असं तिथे म्हटलं आहे, आणि चौथं मनुष्यऋणही जोडलं आहे. त्या काळातले यज्ञयाग बाजूला ठेवू. विचाराचा सांगाडा आजही उपयोगी आहे. निसर्गाचं आपण लागतो, पूर्वजांचं लागतो आणि ज्यांनी विद्या-कला सांभाळल्या त्यांचंही लागतो. आपली तीन क्षेत्रं इथे जवळजवळ जशीच्या तशी बसतात.

आता या ऋणाचं एक वैशिष्ट्य लक्षात घ्या. इथे घेणेकरी समोर नसतो. शेजाऱ्याला मदत केली तर शेजारी 'उपकार झाले' म्हणतो. पण ओढा आभार मानत नाही. गडाचा तट बांधणारा पाथरवट तीनशे वर्षांपूर्वी गेला. पन्नास वर्षांनी जो प्रेक्षक नाटक बघेल तो अजून जन्मलेला नाही. या क्षेत्रांतल्या स्वयंसेवकाचे ज्यांनी आभार मानायला हवेत, ते एक तर मुके आहेत, एक तर मेलेले आहेत किंवा जन्माला यायचे आहेत.

मग आभार मानायचे कुणी? आमचं म्हणणं असं की समाज जेव्हा अशा मुलाला किंवा मुलीला पुरस्कार देतो, तेव्हा तो ओढ्याच्या, पाथरवटाच्या आणि उद्याच्या प्रेक्षकाच्या वतीने आभार मानत असतो. देणारा इथे मालक नसतो, मुखत्यार असतो. आजच्या व्याख्यानात एवढं एक सूत्र पकडलं तरी पुढचं बरंचसं आपोआप उलगडेल.

निष्काम कर्म कुणासाठी?

पहिल्या आक्षेपाकडे वळू. गीतेने फळाची आशा सोडायला सांगितलं, मग पुरस्कार कशाला?

हा उपदेश कुणाला केला आहे ते बघा. तो कर्त्याला केला आहे. काम करणाऱ्याने फळावर डोळा ठेवू नये. पण ज्याच्यासाठी काम झालं त्याने कृतज्ञ राहू नये, असं त्यातून निघत नाही. कर्त्याची अनासक्ती आणि आपली कृतज्ञता ही दोन वेगळ्या माणसांची दोन वेगळी कर्तव्यं आहेत. आपण मात्र सोयीस्करपणे त्याच्या अनासक्तीचा आधार घेऊन आपली कृतज्ञता टाळतो. 'तो काय, सेवाभावी मुलगा आहे, त्याला कशाला हवंय काही!' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकलेलं आहे. त्यात त्या मुलाची स्तुती कमी आणि आपली सुटका जास्त असते.

पाश्चात्त्य विचारातही हा भेद सापडतो. कांट हा कर्तव्यासाठी कर्तव्य सांगणारा तत्त्वज्ञ, फलाशेच्या बाबतीत गीतेइतकाच कडक. पण १७९७ साली प्रसिद्ध झालेल्या नीतिविषयक ग्रंथात तो कृतज्ञतेला पवित्र कर्तव्य म्हणतो. पहिल्यांदा उपकार करणारा ते स्वेच्छेने करतो, तर आपली परतफेड नेहमीच त्यानंतरची असते. त्यामुळे त्याने घेतलेला पुढाकार आपल्याला कधीच पूर्ण फेडता येत नाही, असं त्याचं कारण.

आणि ॲरिस्टॉटल? त्याने सन्मानाकडे जरा संशयानेच पाहिलं. सन्मान हा घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यावर अवलंबून असतो, म्हणून तो जीवनाचं अंतिम ध्येय होऊ शकत नाही, असं तो म्हणतो. पण त्याने एक बारकावाही टिपला आहे. माणसं सन्मान कुणाकडून मिळवू पाहतात? शहाण्या आणि आपल्याला ओळखणाऱ्या माणसांकडून. म्हणजे सन्मानाचं मोल देणाऱ्याच्या पारखीत आहे. पुरुषोत्तम करंडकाचं वजन इथून येतं. २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या योग्यतेची नाही असं ठरवून तो कोणालाच दिला नाही. खूप वाद झाला. निर्णय बरोबर की चूक यावर आजही दोन मतं असू शकतात. पण जो पुरस्कार नाकारला जाऊ शकतो तोच काही सांगू शकतो, एवढं तरी त्या प्रसंगाने दाखवलं. दरवर्षी यादीतल्या सगळ्यांना वाटून टाकलेलं स्मृतिचिन्ह कुणाबद्दलच काही सांगत नाही.

आपल्याकडे गाडगे महाराजांचं उदाहरण आहेच. गावात शिरले की हातात खराटा, आधी रस्ते झाडायचे, मग संध्याकाळी कीर्तन. पाया पडायला येणाऱ्यावर ते खेकसत. आणि २०००-०१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ग्रामस्वच्छतेची जी स्पर्धा सुरू केली तिला नाव दिलं त्यांचं! हा विरोधाभास आहे का? आम्हाला तसं वाटत नाही. महाराजांनी पाया पडून घेतलं नाही, हा कर्त्याचा धर्म. गावाने खराटा हाती घ्यावा म्हणून त्यांचं नाव लावलं, हा आपला धर्म. शिवाय ती स्पर्धा व्यक्तीची नव्हती, गावाची होती, हेही विसरायला नको.

प्रयोग काय सांगतात?

आता दुसरा आक्षेप, आमिषाचा. इथे तत्त्वज्ञानाने मानसशास्त्राकडे जायला हवं, कारण आमिषाने माणूस काम करतो का हा अनुभवाने तपासायचा प्रश्न आहे.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या संशोधकांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत केलेला एक प्रयोग प्रसिद्ध आहे. तीन ते पाच वर्षांची मुलं, रंगीत पेनांनी चित्रं काढण्यात रमणारी. एका गटाला आधी सांगितलं: चित्र काढलंत तर सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. दुसऱ्या गटाला काही सांगितलं नाही, चित्र काढून झाल्यावर तेच प्रशस्तिपत्र अचानक दिलं. तिसऱ्या गटाला काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मुलांना मोकळं सोडून पाहिलं. ज्यांना आधी कबूल करून दिलं होतं ती मुलं आता इतरांच्या साधारण निम्माच वेळ चित्रं काढत होती. अचानक मिळालेल्यांची गोडी मात्र टिकून होती. म्हणजे बक्षिसाने गोडी घटली असं सरसकट म्हणता येत नाही. 'हे मिळावं म्हणून कर' या सौद्याने ती घटली.

दुसरा अभ्यास अलीकडचा, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. जर्मन भाषेतल्या विकिपीडियावर याना गालुस या संशोधिकेने नवख्या लेखकांपैकी काहींना चिठ्ठ्या टाकाव्या तसं निवडून एक साधा सन्मान दिला. पैसे नाहीत, फक्त नावाची नोंद आणि एक चिन्ह. सन्मान मिळालेल्यांपैकी पुढच्या महिन्यात काम चालू ठेवणाऱ्यांचं प्रमाण इतरांपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी अधिक निघालं.

झालं, मग अचानक सन्मान द्यावा, प्रश्न सुटला! पण थांबा, तिसरा अभ्यास ऐका. कॅलिफोर्नियातल्या काही शाळांमध्ये पंधरा हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास झाला. मागच्या एका महिन्यात पूर्ण हजेरी लावणाऱ्यांना अचानक प्रशस्तिपत्र पाठवलं. ती मुलं पुढच्या महिन्यात उलट जास्त गैरहजर राहिली! संशोधकांनी लावलेला अर्थ असा: त्या कागदाने मुलांना नकळत सांगितलं की तुम्ही इतरांपेक्षा जास्त केलंत, अपेक्षेपेक्षाही जास्त केलंत. मग मुलांनी मनात म्हटलं असेल, चला, आता थोडं सैल सोडायला हरकत नाही.

तिन्ही प्रयोग एकत्र ठेवून पाहिले तर एक गोष्ट दिसते. पुरस्कार हा निरोप असतो, आणि मुलं तो निरोप अचूक वाचतात. 'हे मिळावं म्हणून कर' हा निरोप गेला तर काम उतरतं. 'तू आमच्यातला झालास' असा गेला तर माणूस टिकतो. 'तुझं झालं, पुरे' असा गेला तर माणूस थांबतो. समारंभ तोच, शालही तीच, निरोप मात्र तीन.

आम्ही महाविद्यालयात होतो तेव्हा दरवर्षीच्या शिबिरात पहिल्या दिवशी एक प्रश्न हमखास यायचा: 'सर, सर्टिफिकेट मिळेल ना?' काही सहकारी यावर चिडत. पण दहावी-बारावीपासून प्रत्येक तासाचे गुण मोजायला आपणच शिकवतो, त्या मुलांनी दुसरं काय विचारावं? विशेष म्हणजे त्याच मुलांपैकी काही जण शिबिर संपल्यावरही, कोणत्याही नोंदीशिवाय, रविवारी त्या गावात जात राहिली. आलेली असतात कागदासाठी, थांबतात माणसांसाठी. योजना आखणाऱ्याने या दोन्ही गोष्टी धरून चालायला हवं.

जे मोजलं जातं तेच वाढतं

इथून व्यवहाराचा भाग सुरू होतो. पुरस्कार नुसती पाठ थोपटत नाही, काय मोलाचं आहे हेही तो गावाला शिकवतो. म्हणून निकष चुकला तर काम चुकतं.

पर्यावरणाचं घ्या. 'सर्वाधिक वृक्षारोपण' हा निकष सोपा, कारण रोपं मोजता येतात. पण रोप लावणं वेगळं आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर ते जिवंत असणं वेगळं. शिवाय झाड सगळीकडे हवंच असंही नाही. माळढोक पक्ष्याला गच्च झाडी नको, मोकळं गवताळ माळरान हवं. साताऱ्याजवळच्या कासच्या पठारावर जांभ्या खडकावर मातीचा जेमतेम पातळ थर आहे, आणि त्यावर पावसाळ्यात सीतेच्या आसवांसारखी इवली फुलं येतात. अशा सड्यावर खड्डे खणून रोपं लावणारा मुलगा मनाने चांगला असतो, पण तो वारसा घडवत नाही, मोडतो. त्याला पुरस्कार दिला तर पुढच्या वर्षी पन्नास मुलं कुदळी घेऊन सड्यावर जातील. मग दोष कुणाचा?

वारशाचं तर अधिक नाजूक. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारसा यादीत घेतलं, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यामुळे गडसंवर्धनाचा उत्साह वाढला, हे चांगलंच. पण संरक्षित स्मारकावर हात घालायचा तर पुरातत्त्व विभागाची परवानगी लागते. १९५८ चा केंद्राचा आणि १९६० चा राज्याचा कायदा आहे. या परवानगीमागे कारणं आहेत. जुनं बांधकाम चुन्याचं, चुना ओल बाहेर सोडतो. वर सिमेंट थापलं की ओल आत अडकते आणि दगडच झिजू लागतो. तटात उगवलेला पिंपळ ओढून काढला तर मुळांबरोबर चिरे निखळतात. टाक्यातला गाळ काढताना त्यात जुनी खापरं, नाणी असू शकतात, तो दरीत लोटला की इतिहास दरीत गेला. आता 'आधी आणि नंतर' अशी छायाचित्रं बघून पुरस्कार ठरवला तर बाजी कोण मारणार? ज्याने बुरूज चकाचक केला तो. आणि जिने वर्षभर परवानगीसाठी कार्यालयाचे हेलपाटे घातले, गाळ चाळून खापरं वेगळी ठेवली, तिच्या छायाचित्रात दाखवण्यासारखं काहीच नाही.

कलेतही तेच. नट दिसतो. प्रकाशयोजना करणारी, नेपथ्य उचलणारा, तालमीला जागा मिळावी म्हणून महिनाभर विनवण्या करणारा, संहितांच्या जुन्या वह्या जपून ठेवणारी, ही सगळी काळोखात. कलेची साखळी मात्र यांच्याच खांद्यावर असते.

स्पर्धा घ्यायचीच असेल तर ती कशी असावी, याचं एक बरं उदाहरण आपल्याकडे आहे. २०१६ साली पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा घेतली. वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव हे तीन तालुके, ११६ गावं, ४५ दिवस, श्रमदानातून मृद आणि जलसंधारण. पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातल्या वेळूचा आला. त्या स्पर्धेच्या तांत्रिक बाजूवर टीकाही झाली आणि ती ऐकायला हवी. पण रचनेतली एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. बक्षीस एका गावाला मिळालं, तरी हरलेल्या गावात खणलेले चर गावातच राहिले. हरणाऱ्याच्या हातात काय उरतं, हा प्रश्न प्रत्येक स्पर्धेला विचारावा.

कोण येऊच शकत नाही?

आणखी एक प्रश्न आहे आणि तो अवघड आहे. स्वयंसेवेला वेळ लागतो, आणि वेळ सगळ्यांकडे सारखा नसतो. कॉलेज सुटल्यावर दुकानात काम करणारा किंवा घरोघरी पार्सलं पोचवणारा मुलगा रविवारी गडावर कसा जाणार? धाकट्या भावंडांचं सगळं बघणाऱ्या मुलीला मुक्कामाच्या शिबिराला घरून कोण सोडणार? आपण ज्याला सेवाभाव म्हणतो त्यात थोडी सवडही मिसळलेली असते. पुरस्कार फक्त तास मोजत असेल तर नकळत तो घरच्या सुस्थितीलाच हार घालतो.

यावर उपाय काय? एक तर काम घराजवळ शोधावं. वस्तीतली विहीर, आजीच्या ओव्यांची वही, गल्लीतल्या वडाच्या पारावरचा कचरा, हेही पर्यावरण, वारसा आणि कलाच आहे. दुसरं, जाण्या-येण्याचा, जेवणाचा खर्च संस्थेने द्यावा. हा मोबदला होत नाही. सेवेची दारं उघडी ठेवण्याचा तो खर्च आहे. आणि तिसरं, शक्य तिथे गटाला सन्मान द्यावा, म्हणजे कधी अर्धा दिवसच येऊ शकणाराही त्यात सामावतो.

देणाऱ्यांसाठी पाच प्रश्न

आता सगळं गोळा करू. आपल्या गावात, सोसायटीत, मंडळात असा पुरस्कार द्यायचा असेल तर समितीने स्वतःला पाच प्रश्न विचारावेत.

एक, काम प्रत्यक्ष कुणी पाहिलं आहे? अर्ज आणि छायाचित्रं मागवण्यापेक्षा समितीतल्या दोघांनी जागेवर जाऊन यावं. मुलांनी स्वतःची जाहिरात करावी लागणं हाच त्यांचा पहिला अपमान आहे.

दोन, आपण काय मोजतो आहोत, आणि ते मोजल्यामुळे पुढच्या वर्षी कोणतं काम वाढेल?

तीन, ज्यांना मिळणार नाही त्यांना काय वाटेल? ती मुलं पुन्हा येतील का?

चार, आपल्याला 'यंदा कोणालाच नाही' असं म्हणता येईल का? प्रायोजकाचा फलक लागलेला असतानाही?

पाच, आणि हा सर्वांत महत्त्वाचा: पुरस्कार दिल्यावर आपण काय करणार? आपण मुखत्यार आहोत असं मघाशी म्हटलं. मुखत्याराला आभार मानून घरी जाता येत नाही, कारण ऋण त्याच्याही डोक्यावर आहे. ओढा साफ करणाऱ्या मुलीला मानपत्र दिलं आणि त्याच आठवड्यात आपल्याच सोसायटीचं सांडपाणी त्या ओढ्यात सोडलं, तर ते मानपत्र खोटं ठरतं. म्हणून मानपत्राच्या शेवटी देणाऱ्याचीही एक ओळ असावी: या कामासाठी येत्या वर्षी आम्ही अमुक करू. हातमोजे आणि अवजारं देऊ, जाणकाराकडून प्रशिक्षण देऊ, परवानगीच्या अर्जावर आमची सही असेल, दोन रविवार आम्हीही येऊ. पुढच्या समारंभात आधी ही ओळ वाचून दाखवावी आणि मगच नवं नाव जाहीर करावं.

असं केलं की आपले सुरुवातीचे दोन्ही आक्षेपही निवळतात. सेवेला किंमत लागत नाही, कारण आपण किंमत देतच नाही, आपल्या वाटचं ऋण कबूल करतो. आणि आमिषाचीही गरज पडत नाही. मोठी माणसं खरोखर सोबत येतात हे दिसलं तर मुलं येतात, हा आमचा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

आपल्या भागात असा पुरस्कार चालू असेल तर त्याचं मागच्या वर्षीचं मानपत्र काढून बघा. त्यात मुलांबद्दल किती ओळी आहेत आणि आपल्याबद्दल किती, तेवढं मोजा. उरलेली चर्चा प्रश्नोत्तरांत करू.